सत्तय्याने खोडलेली घरं

परवा सुनेने मला पकडलं. इथे पुण्यात, मुलाच्या फ्लॅटमध्ये, मी हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून उभा होतो. "बाबा, काय करताय?" तिने विचारलं. काय सांगणार? म्हटलं, "काही नाही, भिंत जरा पोकळ वाटते." ती हसून आत गेली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली असेलच, की बाबांकडे लक्ष द्यायला हवं. पण ही खोड माझी नव्हे, सत्तय्याची. सोलापुरात बारा वर्षं त्याच्या शेजारात काढली आणि खोकला लागावा तसा त्याचा संशय मला लागला.

समोर मी त्याला नेहमी 'तुम्ही' म्हणायचो. पण आठवताना तो 'तो' म्हणूनच येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमची गल्ली पूर्व भागातली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सत्तय्या. त्याच्या घराला लागून एक मोकळी जागा होती आणि तिथे लोखंडी प्लेटांच्या थप्प्या आणि टेकूंचे ढीग पडलेले असायचे. घराचा स्लॅब ओतायचा तर आधी प्लेटांचं तात्पुरतं छत करावं लागतं, त्याला खालून टेकू द्यावे लागतात आणि वरचं काँक्रीट घट्ट झालं की हे सगळं काढून न्यायचं असतं. ह्याला सेंट्रिंग म्हणतात. ते सामान भाड्याने देणं हा सत्तय्याचा धंदा. तरुणपणी वडिलांबरोबर मागावर बसायचा, मग ह्यात पडला. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम.

अंगाने वाळका, कानांवर केसांचे झुबके, खिशात सुताराची लाल पेन्सिल. मोपेडच्या डिकीत कायम एक ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे की कललेली ते बघायचं दोरीचं वजन. सकाळी भाजी आणायला निघाला तरी ओळंबा बरोबर. वाटेत कुणाची भिंत दिसली आणि मनात आलं तर? तयारी असावी.

संशय कशाकशाचा घ्यावा माणसाने? डॉक्टरने रक्तदाब बघायला पट्टा काढला तर हा म्हणाला, "आदी तुमचा बगा." डॉक्टर बिचारा भला, त्याने स्वतःचा मोजला. जास्त निघाला. सत्तय्या म्हणाला, "मशीन बरोबर हाय, आता माझा बगा." वास्तुशांतीच्या जेवणाला गेला की पानावर बसायच्या आधी घरभर फिरून दारं उघडझाप करणार, नळ सोडून बघणार, कोपऱ्यातल्या फरशीवर टाच आपटणार. यजमान बाई पुरणपोळी वाढत असताना हा शांतपणे सांगायचा, "न्हाणीचा उतार उलटा हाय बगा. पानी घरात येनार." खरंच यायचं. पुढे पुढे लोक त्याला बोलवायचे टाळू लागले आणि पोळ्या घरपोच पाठवू लागले.

त्याचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठलीही चांगली, चकचकीत गोष्ट दिसली की डोळे बारीक करून विचारायचा, "हे कुनाला दाखवायला?" उत्तर मिळेपर्यंत त्या गोष्टीवर त्याचा विश्वास नसायचा, आणि मिळालं की अजिबातच नसायचा.

माझी-त्याची गाठ पडली ती माझ्या एका लेखामुळे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि दर दिवाळीला एका स्थानिक दैनिकात शहरातल्या नव्या घरबांधणीवर लिहायचो. माझं म्हणणं साधं होतं. गावाचा कारभार कुठल्या दिशेने चाललाय हे बघायचं असेल तर नवी घरं किती उठतायत ते बघा. घर बांधणारा माणूस पुढच्या वीस वर्षांवर भरवसा टाकत असतो. एका घरामागे सळईवाला, सुतार, वायरमन, रंगारी, पडदेवाला, सगळ्यांची चूल पेटते. बाकीचे आकडे मागाहून येतात, घर आधी सांगतं. त्यासाठी मी बांधकाम परवानग्यांचे आकडे तर घ्यायचोच, शिवाय रविवारी स्कूटरवर फिरून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचो. ह्याचा मला भारी अभिमान. इतर लोक खुर्चीत बसून लिहितात, मी रस्त्यावर उतरतो, असं वर्गात दहा वेळा तरी ऐकवलं असेल.

त्या दिवाळीत हा माणूस पेपरची घडी काखेत मारून दारात उभा राहिला. तोवर नुसती तोंडओळख होती.

"सर, हे तुमी लिवलं व्हय?"

"हो, या ना."

"चार स्कीमची कामं जोरात हायत म्हनता. एकाच बिल्डरची."

"मी स्वतः बघून आलोय. चार रविवारी चार ठिकाणी गेलो. चारही ठिकाणी सेंट्रिंग लागलेलं होतं."

"प्लेटांवर हिरवा पट्टा व्हता का?"

मी आठवून बघितलं. होता. मी काढलेल्या फोटोंतही होता.

"मग त्या माझ्या प्लेटा."

"चारही ठिकाणी तुमच्याच? वा, म्हणजे तुमचाही धंदा चांगला चाललाय."

सत्तय्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "सर, माझ्याकडं एकाच स्लॅबापुरत्या प्लेटा हायत."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या बिल्डरने एकदाच प्लेटा भाड्याने नेल्या होत्या. ज्या रविवारी ज्या साइटवर गिऱ्हाइकं बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी टेम्पोत घालून तिथे उभ्या करायच्या, मजुरांच्या अड्ड्यावरून दहा माणसं आणून त्यांच्या हातात घमेली द्यायची. पुढच्या रविवारी दुसरी साइट. स्लॅब कुठलाच ओतायचा नव्हता. मी त्या प्लेटांच्या मागे मागे महिनाभर फिरलो आणि एकच सेंट्रिंग चार घरं म्हणून मोजलं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, त्या बिल्डरचा कमी आणि सत्तय्याचा जास्त.

पण पुढच्या रविवारी मीच त्याच्याकडे गेलो. तेव्हापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी माझ्या वहीत घरं टिपायचो आणि तो खिशातली लाल पेन्सिल काढून खोडायचा. परवानगी म्हणजे कागद, खोडा. नुसता पाया म्हणजे खड्डा, खोडा. बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात, तिच्याकडे तो फार लक्ष द्यायचा. बाहुली उन्हाने विटून पांढरी पडलेली असली की म्हणायचा, "मालक येईना झालाय हितं. येत असता तर बदलली असती. खोडा." नव्या इमारतीच्या वॉचमनकडे प्यायला पाणी मागायचा. वॉचमनने नळाचं दिलं तर ठीक, घरून आणलेल्या बाटलीतलं दिलं की इमारत खोडा. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे ही कसोटी काही वाईट नव्हती. आणि सगळं जमलं तरी शेवटचं एक उरायचंच. माणसं राहायला आली का? दोरीवर कपडे वाळतायत का? तोवर ते त्याच्या लेखी घर नव्हतं. दिवसाअखेरीस माझ्या वहीत विसांतली चार उरायची आणि तो खुशीत चहा मागायचा.

एकदा मात्र मला वाटलं, आता ह्याची जिरवायची. आमच्याच भागात एका गल्लीत ओळीने पाच घरांवर मजले चढले होते. माणसं राहायला आलेली, दोऱ्यांवर कपडे, नळाला पाणी, सगळं. मी त्याला मुद्दाम तिथे नेलं. "बोला, ह्यांत कुठलं खोडताय?"

त्याने बराच वेळ काही बघितलं नाही. नुसता उभा राहिला, मान तिरकी करून. मग म्हणाला, "काय ऐकू येतंय का?"

"नाही."

"तेच की. ही गल्ली म्हनजे बोललेलं ऐकू यायचं न्हाय, इतका खडखडाट. पाचाच्या पाच घरांत माग व्हते. भंगारात घातले, शेड पाडल्या, भाड्याच्या खोल्या काडल्या." तो पेन्सिल हातात फिरवत राहिला. "हे घर वाढलं न्हाय सर. हितला कारखाना मेलाय, त्याच्यावर बांधलंय हे. तुमी काय लिवनार, गाव सुधारलं?"

त्या दिवशी त्याने काहीच खोडलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली आणि मोपेडला किक मारली. त्या वर्षी माझा दिवाळीचा लेख निम्मा झाला, आणि संपादकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का.

आता पद्माचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

पद्मा त्याची एकुलती एक मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पद्मा गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंग बघायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या मशीनवर वरकड कामं करायची. जावई श्रीनिवास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. दोघं, दोन मुली, आणि सत्तय्याच्या प्लेटांच्या बरोब्बर समोर भाड्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांचा मालक पुण्याला गेलेला, किल्ल्या आणि देखरेख सत्तय्याकडे. रोज अंथरुणं घालायची तर पद्माला शिलाई मशीन उचलून दाराबाहेर ओट्यावर ठेवावं लागायचं. सकाळी परत आत. कमरेचं दुखणं तिला त्यातूनच लागलं. तिला स्वतःचं घर हवं होतं, दुसरं काही नको. पैसा दोघांनी जमवला होता, कर्जाचं बोलणंही झालं होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर. नायना हो म्हणाले पाहिजेत. ती वडिलांना नायना म्हणायची. घरं बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने नको म्हटलेलं घर घ्यायची तिची छाती नव्हती, आणि तो हो म्हणत नव्हता.

पहिल्यांदा तिने एका मोठ्या स्कीममधला फ्लॅट पसंत केला. मोबाइलवर जाहिरात आली होती, बागेचं चित्र, पोहायचा तलाव. सत्तय्याने ते बघून तेवढंच विचारलं, "हे कुनाला दाखवायला?" तरी पद्माने हट्टाने त्याला नमुन्याचा फ्लॅट बघायला नेलं आणि साक्षीला मलाही. थंडगार खोली, पडदे, पलंग, गुळगुळीत सगळं. कंपनीची मुलगी इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होती. पद्मा हळूच एका भिंतीशी जाऊन हात पसरून उभी राहिली. मशीन इथे बसेल का, ते मापत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

तेवढ्यात सत्तय्या चपला काढून पलंगावर आडवा झाला.

"काका, प्लीज, तो डिस्प्लेचा आहे," ती मुलगी म्हणाली.

"जरा पाट टेकतो, अम्मा."

त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत पलंगाबाहेर आले. सत्तय्याची उंची काय, साडेपाच फूटसुद्धा नसेल. पलंग मुद्दाम आखूड करून घेतला होता, म्हणजे खोली मोठी दिसावी. टेबल, कपाट, खुर्च्या, सगळंच एका मापाने लहान. तो उठला, चपला घातल्या आणि तेलुगूत पद्माला काहीतरी म्हणाला. परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मी विचारलं, काय म्हणाले? "म्हनाले, हितं झोपायचं तर पाय कापून यावं लागेल," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती स्कीम पुढे तिसऱ्या मजल्यावर बंद पडली, हे सांगायला पाहिजे. सत्तय्या बरोबर निघाला. तो नेहमी बरोबर निघायचा, हीच तर पंचाईत होती. त्यानंतर पद्माने दुसरं घर काढलं, तिथे बोअरला पाणी नव्हतं. तिसरं काढलं, तिथे जमिनीचा वाद निघाला. चौथ्याला काहीच निघालं नाही. ओळंबा सरळ, पाणी गोड, कागद स्वच्छ, शेजारी भले. सत्तय्या तीन वेळा जाऊन आला आणि म्हणाला, "थांब. वर्षभरात भाव उतरतील. कामं लई निघाल्यात, तेवडी मानसं न्हाईत गावात." भाव उतरले नाहीत. घर दुसऱ्याने घेतलं. पद्मा मशीन उचलून बाहेर ठेवत राहिली.

संशय हा आजार असेल तर ज्याने तो लावला त्याच्यावरही तो शेवटी उलटतोच. त्या चौथ्या घरानंतर मी सत्तय्याकडेच त्याच्या नजरेने बघायला लागलो. हा माणूस बाजाराला भितो, की दुसऱ्याच कशाला? चारही घरं गल्लीपासून लांब होती. रोज सकाळी पद्मा समोरून स्टीलच्या पेल्यात चहा आणून द्यायची, संध्याकाळी भाकरी. तो प्लेटांच्या थप्पीवर बसून तिच्या दाराकडे तोंड करून खायचा. मी हे दहा वर्षं बघत होतो आणि टिपलं मात्र नव्हतं.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. तो थप्पीवर बसला होता, मी उभाच होतो. म्हटलं, "सत्तय्या, एक विचारू? तुमचं हे थांब-थांब कुणाला दाखवायला आहे?"

"म्हनजे?"

"भाव उतरायची वाट नाही बघत तुम्ही. मुलगी समोरून जाऊ नये म्हणून चाललंय हे सगळं. त्या पोरीची कंबर मोडली मशीन उचलून. तुम्हाला दिसत नाही?"

बोललो आणि पस्तावलो. त्याने रागवायला हवं होतं, तो रागावला नाही. बराच वेळ हातातल्या भाकरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, चा घेनार का?" मी नको म्हटलं. नंतर दोन रविवार तो आला नाही. मीही गेलो नाही. मला वाटलं, एक माणूस गमावला आपण, आणि तेही खरं बोलून.

तिसऱ्या रविवारी सकाळी पद्मा माझ्या दारात. "सर, नायना हो म्हनले." फ्लॅट नाही, एमआयडीसीच्या पलीकडे श्रीनिवासच्या ओळखीने एक लहानशी जागा मिळत होती, तिथे घर बांधायचं. सत्तय्याची अट एकच, सेंट्रिंग त्याचं.

त्या बांधकामाने गवंड्याचे हाल हाल केले. सत्तय्या वाळू तळहातावर चोळून बघायचा, हाताला माती लागली की ट्रॅक्टर परत. विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा. कॉलमच्या सळया त्याने इतक्या वेळा मोजल्या की गवंडी म्हणाला, "मामा, रातीत पळून जात न्हाईत त्या." हिरव्या पट्ट्याच्या सगळ्या प्लेटा लागल्या, तरी कमी पडल्या, तर जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याकडून मागून आणल्या. स्लॅब एका दिवसात ओतून झाला. रीतीप्रमाणे मजुरांना मटणाचं जेवण झालं. पद्माने स्वतः वाढलं. सत्तय्या जेवला नाही, स्लॅबवर पाणी धरायला गोणपाट कमी पडतील म्हणून गोणपाट गोळा करत फिरत होता.

टेकू साधारण तीन आठवड्यांनी काढतात. तीन आठवडे झाले. गवंडी म्हणाला, काढू या. सत्तय्या म्हणाला, अजून ओल हाय. महिना झाला. म्हणाला, सिमेंटवर भरवसा न्हाय, हल्लीचं सिमेंट. दीड महिना झाला. गवंड्याने स्लॅबवर घण आपटून दाखवला, टणकन आवाज आला. सत्तय्या म्हणाला, आवाजावर जाऊ नका. गिलावा अडला, फरशी अडली, दारं अडली. त्याचीच दुसरी गिऱ्हाइकं प्लेटांसाठी दारात येऊन परत जात होती, आणि हा तो माणूस, जो एक प्लेट एक दिवस रिकामी पडू द्यायचा नाही.

पद्मा मला घर दाखवायला घेऊन गेली. आत शिरायलाच जागा नव्हती. हातहातभर अंतरावर टेकू, जुने लाकडी आणि नवे लोखंडी, सगळे मिसळून. ती अंग चोरत त्यांच्यामधून आत गेली आणि तिथूनच सांगू लागली, "हितं मशीन, सर. हितं मुलींचं टेबल." मला तिचा निम्माच चेहरा दिसत होता. मग तिथूनच म्हणाली, "सर, तुमी बोला त्यांना. मी बोलले तर रडतील."

"मी एकदा बोललोय, पद्मा. आता माझ्याच्याने नाही होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गॅसची लहान शेगडी, पातेलं, दोन सतरंज्या रिक्षात घातल्या आणि सरळ त्या घरात गेली. टेकूंच्या मधे जागा करून शेगडी मांडली, चहा ठेवला. सत्तय्याला फोन केला. तो मोपेडवर आला, त्याच्यामागे मी स्कूटरवर. तो दारात थबकला.

"हे काय करालीस?"

"ऱ्हायला आले, नायना. टेकू असू द्या. तुमचा भरवसा बसेल तवा काडा. पोरींना संध्याकाळी आनते."

"टेकू लावलेल्या घरात मानसं ऱ्हात न्हाईत, पद्मा."

"मी ऱ्हाते की. बगा."

तिने चहा गाळून पेला त्याच्यापुढे धरला. तो दोन टेकूंच्या मधून हात घालून घ्यावा लागला. सत्तय्याने चहा उभ्या उभ्या प्यायला. पेला खाली ठेवला. मग तेलुगूत तिला काहीतरी विचारलं, फार हळू. तिने उत्तर दिलं तेही हळू, आणि मला त्या भाषेतलं एवढंच कळलं की ती 'रोज' म्हणाली. बहुतेक रोज फोन करेन, किंवा रोज येईन. मी विचारलं नाही.

तो बाहेर गेला आणि हातोडा घेऊन आला. गवंड्याला हात लावू दिला नाही. स्लॅबचे टेकू मधल्यापासून काढत कडेला यायचं असतं. एकेक टेकू ठोकून सैल करायचा, बाजूला ठेवायचा, वर बघायचा, कान द्यायचा. दुपार उलटली. प्लेटा खाली आल्या तेव्हा स्लॅबचा तळ दिसला, स्वच्छ राखाडी, त्यावर प्लेटांच्या जोडांच्या रेघा. घाम पुसत तो माझ्याजवळ आला आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या खिशात ठेवली. "हे घर खोटं निगालं न्हाय, सर. लिवा हे." पद्मा मोकळ्या खोलीच्या मधोमध उभी होती आणि उगाच इकडून तिकडे चालत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाने मला पुण्याला यायचा आग्रह धरला आणि मी सामान बांधायला घेतलं. सोलापूर सोडायच्या आदल्या आठवड्यात सत्तय्याचा निरोप घ्यायला गेलो. तो थप्पीवर बसला होता. समोरच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. पद्मा नेमाने फोन करायची, रविवारी येऊन जायची, त्याचं सगळं बरं चाललं होतं. बाजार बरा आहे म्हणाला, प्लेटा सगळ्या बाहेर आहेत, ही एक थप्पी तेवढी राहिली. मी म्हटलं, मग ह्या खोल्या का रिकाम्या? ह्या भागात खोली मिळत नाही म्हणून लोक फिरतायत. तो म्हणाला, "कोन येईना."

तेवढ्यात एक तरुण जोडपं गल्लीत शिरलं. बाईच्या हातात पिशवी, पुरुषाच्या कपाळावर घाम. माढ्याकडचे असावेत बोलण्यावरून. त्याला एमआयडीसीत नोकरी लागली होती.

"मामा, ह्या खोल्या भाड्यानं मिळतील का? पल्याडचं म्हनलं, रिकाम्या हायत, किल्ली तुमच्याकडं हाय."

सत्तय्याने त्या कुलपाकडे बघितलं. उंबऱ्यासमोरची जागा झाडलेली होती, सडासुद्धा घातलेला होता. मी त्याच्याकडे बघत होतो. बारा वर्षांत माझ्या वहीतली शेकडो घरं खोडणारा हा माणूस, एकदाही खोटं बोललेला मी ऐकला नव्हता.

"न्हाईत रिकाम्या," तो म्हणाला. "मानसं हायत तितं. बाहेर गेल्यात."

"कवा येतील?"

"येतील की."

त्या दोघांना ते पटलं नसावं. पुरुषाने कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला, शिकलेला दिसणारा माणूस. सत्तय्याही माझ्याकडे वळला. "सर, सांगा की ह्यास्नी. ऱ्हातेत का न्हाय?"

"राहतात," मी म्हणालो.

ती दोघं पुढच्या गल्लीत विचारायला गेली. मी सत्तय्याशेजारी थप्पीवर बसलो, आणि त्याने मला चहा घेणार का विचारलं.